ग्यानबाची पाठ

"पाय धर म्हणलं ना त्याचा! तू काहून डोळे मिटून बसली? सुई तुला टोचून राहिले का मी?"

सलोमीने पोराच्या मांडीत सुई टोचली, काढली, कापसाचा बोळा दाबला आणि त्याच्या आईच्या तोंडाकडे न पाहताच "पुढचं" म्हणाली. लसीकरणाचा बुधवार होता. बोरजवळ्याच्या उपकेंद्राच्या ओट्यावर पंधरावीस बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नेहमीसारख्या शिस्टरच्या शिव्या खात होत्या. त्याचं कुणाला काही वाटत नसे. वीस वर्षांत गावातली निम्मी लेकरं सलोमी हिवाळेच्या हातात जन्मली होती आणि त्या वेळी त्यांच्या आयांनी याहून वाईट ऐकून घेतलं होतं.

एकाएकी ओटा गप्प झाला. सलोमीने मान वर केली. पायरीखाली रुक्माबाई उभी होती, ग्यानबा मस्केची बायको. ग्यानबाच्या घरचं माणूस दहा वर्षांत या पायरीला शिवलं नव्हतं. त्यांची नातवंडंसुद्धा लस घ्यायला जीपमध्ये बसून हिंगोलीला जात.

"काय पाहिजे?"

रुक्माबाईने पदर नाकातोंडावर धरला होता. "शिस्टर, मालकाच्या अंगात किडे पडले."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पोळ्याच्या सुमाराला ग्यानबाला अर्धांगाचा झटका आला आणि घरात वास सुटतो म्हणून पोराने त्याला गोठ्यात नेऊन टाकलं, इथवर गावाला माहीत होतं. किडे पडल्याचं नवीन होतं.

"पडू दे," सलोमी म्हणाली. "पुढचं लेकरू आणा."

रुक्माबाई आली तशी गेली. नंतरच्या पोराला सुई जरा तिरपी लागली. सलोमीने त्याच्याही आईला झापलं.

ग्यानबा मस्के काय माणूस होता ते सलोमीला नीट माहीत होतं. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात तिचा नवरा शांतवन कनेरगाव नाक्यावरच्या गॅरेजात ट्रकखाली झोपून स्प्रिंगचे पाटे बसवत होता. जॅक सरकला आणि ट्रक त्याच्या छातीवर आला. सलोमीने त्याला घरी आणलं. घर म्हणजे उपकेंद्रामागची एक खोली. जवळ नातलग नाहीत, दिवस उन्हाळ्याचे. गायरानाच्या कडेला, काटेरी झुडपांत, सहा फूट जागा मिळावी म्हणून ती ग्यानबाकडे गेली. तेव्हा गावात पान हलायचं तर ग्यानबाला विचारून हलायचं. तो पारावर बसून दात कोरत होता. सलोमीने हात जोडले होते. "पाटील, तुमीच बघा आता," असं म्हणताना तिचा आवाज भिकाऱ्यासारखा आला होता. तो आवाज तिला पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत राहिला.

ग्यानबाने दातातलं काहीतरी थुंकलं आणि म्हणाला, "ख्रिस्तावाचं मडं माझ्या गावच्या मातीत न्हाई. आज थडगं होईल, उद्या तिथं घंटा वाजल."

पारावरची माणसं हसली. त्यातल्या तिघांच्या बायकांची बाळंतपणं सलोमीने केली होती.

शेवटी कांदे उतरवून परतणारा एक टेम्पो सापडला. कांद्याच्या टरफलांत शांतवनला निजवून, नाक्यावरच्या थंडपेयाच्या दुकानातला बर्फ त्याच्या अंगाला लावून सलोमी त्याला हिंगोलीला घेऊन गेली. तिथे दफनाआधी चर्चच्या मंडळीच्या पंचांनी शांतवन हिवाळेचं नाव वहीत आहे की नाही ते तासभर शोधलं, कारण रविवारी तो उपासनेला क्वचितच यायचा. नाव सापडेपर्यंत सलोमी टेम्पोत छत्री धरून बसली होती.

चौथ्या दिवशी ती बोरजवळ्यात परत आली. बदली मागणं सोपं होतं. पण तिने मागितली नाही. ग्यानबाला आपलं तोंड रोज दिसलं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता. तेव्हापासून ती गावाला तुच्छ मानी, हिंगोलीच्या मंडळीला तुच्छ मानी आणि हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या सलोमीला सगळ्यांत जास्त. काम मात्र तिने एक दिवस चुकवलं नाही.

त्या संध्याकाळी स्टोव्हला पिन मारता मारता तिने देवाशी भांडण काढलं. तिची प्रार्थना नेहमी अशीच असे. डोळे मिटून गोड आवाज काढणं तिला जमलं नाही.

"एवढ्या मोठ्या जिल्ह्यात प्रभू तुला दुसरं कोणी घावलं न्हाई? त्याच्या पोरांना हात न्हाईत? सुना न्हाईत? आधीच सांगते, माया-बिया मला जमणार न्हाई. धू म्हणशील तर धुते. तेवढंच."

उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे. सलोमी ते होकार धरून चालत आली होती.

सकाळी सात वाजता ती ग्यानबाच्या गोठ्यात शिरली. बैलांना नवीन शेडमध्ये हलवलेलं होतं. जुन्या गोठ्यात, गव्हाणीच्या बाजूला, बाजेवर ग्यानबा उताणा पडला होता. वास असा होता की दारातूनच माणूस मागे फिरावा. सलोमीने पदर खोचला, पिशवी खुंटीला अडकवली आणि रुक्माबाईला म्हणाली, "पाणी उकळ. मूठभर मीठ टाक. आणि नाकाचा पदर काढ, नवरा हाये तुझा."

तिने त्याला कुशीवर वळवला. कंबरेखाली माकडहाडाच्या जागी ओंजळ बसेल एवढा खड्डा पडला होता. तळाला हाड पांढरं दिसत होतं आणि कडेच्या सडक्या मांसात सगळं वळवळत होतं.

"क... कोन हाये?" ग्यानबाची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"मी. सलोमी. नर्स."

निकामी बाजू तशीच पडून राहिली. चांगला हात मात्र बाजेची कड पकडून ताठ झाला. "बाटवाया... आली."

"तुला? तुला बाटवून आमच्यात घेऊ? आमच्या मंडळीत आधीच काय कमी भामटे भरलेत?"

दहा वर्षांपूर्वी तिने त्याला 'तुमी' म्हटलं होतं. आज तिने 'तू' म्हटलं आणि तिला फार बरं वाटलं.

टर्पेंटाइनचे थेंब सोडले की किडे गुदमरून वर येतात. चिमट्याने एकेक उचलून ती रॉकेलच्या डब्यात टाकत गेली. मोजणं तिने लवकरच सोडून दिलं. मग कात्रीने मेलेलं मांस कापलं, मिठाच्या पाण्याने खड्डा धुतला, जाळीची पट्टी भरली. ग्यानबा शिव्या देत होता. मध्येच त्याने थुंकण्याचा प्रयत्न केला. अर्धं तोंड वाकडं झाल्यामुळे थुंकी त्याच्याच हनुवटीवर आली. सलोमीने ती पुसली आणि म्हणाली, "थुंकायला सुदिक धड व्हईना तुला आता."

काम झाल्यावर तिने रुक्माबाईला सांगितलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, एकाच अंगावर पडू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची एक जुनी ट्यूब आणली, हवा भरून ती त्याच्या कंबरेखाली सरकवली. जखम मधल्या पोकळीत अधांतरी राहिली. पुढारी ट्यूबवर चढून बसला, असं गाव हसलं. सलोमीलाही हसू आलं. तिने ते लपवलं नाही.

पण पाणी तो तिच्या हातून पिईना. माणूस किड्यांतून निघाला होता आणि तरी तिने पेला पुढे केला की तोंड भिंतीकडे फिरवायचा. रुक्माबाईने दिला की घटाघटा प्यायचा. सलोमीने पुन्हा कधी पेला पुढे केला नाही. "राहा तान्हेला," म्हणायची आणि पट्टी सोडायला लागायची.

असं रोज चाललं. सकाळी सात ते आठ ग्यानबाचा गोठा, मग उपकेंद्र, मग वाडीवस्तीवरची फिरती. ती त्याच्यावर दया करत नव्हती. तिच्या मनात दया असती तर एवढे दिवस टिकली नसती, असं तिला स्वतःलाच वाटे. ती जखमेशी भांडत होती आणि ग्यानबा त्या जखमेला चिकटलेला होता, इतकंच.

नाताळला आठवडा राहिला असताना हिंगोलीहून जीप आली. चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीचे सेक्रेटरी थेट उपकेंद्रावर उतरले. पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले.

"सिस्टर सलोमी! ज्याने तुमच्या नवऱ्याला माती नाकारली त्याला प्रभूने तुमच्या हाती दिलं! केवढी मोठी साक्ष आहे ही!"

"साक्ष कसली? मी काय कोर्टात उभी हाये?"

"तसं नाही हो. शत्रूची सेवा! लोकांना हे कळलं पाहिजे. मंडळीच्या मासिकात एक पान देतोय आपण." सेक्रेटरींनी गळ्यातला कॅमेरा दाखवला. "तुम्ही जखम धुताना एक फोटो घेऊ. आणि एक, साहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतायत असा."

त्यांनी एक घोंगडी आणली होती. तिच्या कोपऱ्यावर मंडळीचं नाव शिवलेलं होतं, फोटोत येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

सलोमी त्यांना गोठ्यात घेऊन गेली. दारातच दोघांची चाल मंदावली. तिने बाजेखालचं भांडं ओढलं, ते भरलेलं होतं, आणि पाळकसाहेबांच्या हातात दिलं.

"फोटो घ्या की. पण आधी हे तेवढं उकिरड्यावर ओतून या. माझे हात गुंतलेत."

पाळकसाहेबांच्या बोटात अंगठी होती. अंगठी वाचेल अशा बेताने त्यांनी भांडं धरलं, दोन पावलं चालले, ते जमिनीवर ठेवलं आणि खोकायला लागले. प्रार्थना त्यांनी दाराबाहेरूनच केली. ती लांबलचक होती. सेक्रेटरींनी घोंगडीचा फोटो काढला. जीप गेली तेव्हा भांडं ठेवलेल्या जागीच होतं.

"कोन व्हते?" ग्यानबाने विचारलं.

"आमच्यातले."

त्याच्या तोंडाची चांगली बाजू हळूहळू वर गेली. "तुला बी... बरे भेटले."

सलोमी हसली. हसू फुटल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुणाबरोबर हसलो, आणि तिने पट्टीची गाठ जरुरीपेक्षा जास्त आवळली.

जीप गावाने पाहिली होती, घोंगडीही पाहिली होती. आठ दिवसांत ग्यानबाचा थोरला मुलगा सुदाम दोन मोटारसायकलींवर तिघा जणांना घेऊन गोठ्यापाशी आला.

"बाई, हे बंद करा. मरताना माझ्या बापाला बाटवायचं चाललंय, आमाला सगळं कळून राहिलं."

"बरं झालं आला सुदाम," सलोमी म्हणाली. "कवाची एका माणसाची वाट पाहून राहिले. ये, ह्या अंगाला धर. पाठ वळवायची हाये."

सुदाम दसऱ्यापासून या दारात आलेला नव्हता. तो दोन पावलं आत आला. सलोमीने पट्टी सोडली. खड्डा आता उथळ झाला होता, तळाला लाल मांस धरू लागलं होतं, पण पाहणाऱ्याला ते कसं कळणार? सुदामने रुमाल नाकाला लावला. त्याच्या बरोबरच्या एकाला मोटारसायकलचं स्टँड नीट लागलं की नाही ते पाहायचं आठवलं. दुसरा त्याच्या मागे गेला. तिसरा दारातच मान फिरवून उभा राहिला.

"धर की! बाप हाये तुझा. मी नुसती बाटवनारी."

"माय कुठंय?" सुदाम म्हणाला. "मायला बोलवा." आणि तोही बाहेर गेला.

ग्यानबाने सगळं ऐकलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी त्याने शिव्या दिल्या नाहीत. सलोमीला त्याची कीव आली नाही. त्यानेच वाढवलेलं आहे हे, असं तिला वाटलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

पुढे तक्रारीचा अर्ज गेला. रुग्णाच्या असहायतेचा फायदा घेऊन परिचारिका धर्मप्रसार करतात, असा. तालुक्याच्या साहेबांनी तिला बोलावून खुलासा मागितला. सलोमीने त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर तो लिहिला. "मी सदर घरी रोज जाते व जखम धुते. दुसरे कोणी धुणार असल्यास त्याचे नाव कळवावे. त्या दिवसापासून बंद करीन."

साहेबांनी दोनदा वाचलं. "असं लिहायचं नसतं, बाई."

"मंग तुमी एक नाव लिहा सायेब, मी सही करते."

साहेबांनी कागद फायलीत घातला. पावसाळ्याआधी तुमची बदली करावी लागेल, लोक ऐकत नाहीत, असं ते दुसरीकडे पाहत म्हणाले. सलोमी म्हणाली, "करा. तवर जखम भरंल." नाव कुणाचंच आलं नाही.

शिमगा आला. खड्डा भरत भरत तळहाताएवढा झाला, मग रुपयाएवढा. ग्यानबाची जीभही मोकळी झाली होती. पोत्याला टेकून तो थोडा वेळ बसू लागला. सलोमीने त्याची नखं कापली. दाढी करायला न्हावी येईना, म्हणून दाढीही केली. हे सगळं करताना ती एका गोष्टीची वाट पाहत होती. कबूल ती स्वतःशीही करत नव्हती, पण वाट पाहत होती. एक दिवस हा माणूस शांतवनचं नाव काढेल. चुकलं म्हणेल, किंवा म्हणणार नाही, नुसती मान खाली घालेल. त्यावर काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. "मी माफ केलं न्हाई. मी फकस्त धुतलं." पट्टी सोडताना रोज हे वाक्य ती मनात एकदा घोळवत असे.

एका सकाळी ती औषधाची बाटली हलवत असताना ग्यानबा म्हणाला, "सलोमे, तुला नवरा न्हाई काय गं? कवा दिसला न्हाई."

सलोमीने बाटली हलवणं थांबवलं नाही. "व्हता."

"काय करायचा?"

"नाक्यावर ट्रकचे पाटे बसवायचा."

"मंग? सोडून गेला?"

"मेला. चौऱ्याण्णव साली."

"अस्सं. तुमच्यात पुरतेत ना? कुठं पुरला मंग?"

सलोमीने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो कुचेष्टा करत असता तर तिला चाललं असतं. पण तिथे कुचेष्टा नव्हती. शेजारच्या शिवारात यंदा काय पेरलं, असं विचारावं तसा तो विचारत होता.

"हिंगोलीला."

"इतक्या दूर? काहून?"

"इथं जागा नव्हती."

"जागा नव्हती?" ग्यानबाने चांगल्या हाताने दाराबाहेर, टेकडीच्या बाजूला दाखवलं. "एवढं गायरान पडून हाये की. मला सांगायचं व्हतं."

सलोमीने जखम धुतली. पट्टी ठेवली, चिकटवली, ट्यूब सारखी केली. डब्याचं झाकण लावलं. पिशवी घेतली आणि गावाबाहेरच्या हापशापर्यंत चालत गेली. तिथे ती ओट्यावर बसली. दहा वर्षं तिने एका माणसाचा तिरस्कार सांभाळला होता, रोज उठून त्याला ऊन दाखवलं होतं, आणि त्या माणसाला आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. झटक्याने त्याची आठवण गेली असती तर गोष्ट वेगळी. पण वीस वर्षांपूर्वी कुणी त्याचा कोणता बांध कोरला ते तो अजून घडाघडा सांगत होता. हेच तेवढं राहिलं नव्हतं. शांतवनचं मडं त्याच्यासाठी पारावरच्या एका दुपारची थुंकी होती. तिला हसू येऊ लागलं. ते थांबेना. पाणी भरायला आलेली एक बाई घागर तशीच ठेवून लांब उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्या संध्याकाळी रुक्माबाई आली. पायरीखाली न थांबता ओट्यावर चढली आणि भिंतीला टेकून बसली.

"तेन्ला आठवत न्हाई," ती म्हणाली. "मी इचारलं. खरंच आठवत न्हाई."

सलोमी रजिस्टरवर रेघा ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"मला आठवतंय. तुमी टेम्पोत बसलात तवा मी दाराआडून बघून राहिले व्हते. तुमच्या मालकाचा एक पाय भाईर आला व्हता. तुमी तो आत घेतला. काई बोलले न्हाई मी."

"तवा बोलायचं व्हतं."

"व्हय."

"दहा वर्सं व्हती. तवाबी बोलायचं व्हतं."

"व्हय," रुक्माबाई म्हणाली. तिने रडून दाखवलं नाही, पाय धरले नाहीत. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला होता. दुसऱ्या डोळ्याने ती सलोमीकडे सरळ पाहत होती. सलोमीला बोलायला आणखी बरंच होतं. या बाईलाही ती दहा वर्षं तुच्छच मानत आली होती. पण शांतवनचा तो पाय आपल्याशिवाय आणखी कुणी पाहिला होता, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तिने पेनाला टोपण लावलं.

"कूस बदलली का दोन दिवस?"

"दिवसा बदलली. एकटीनं उचलत न्हाई मला."

"मंग कडा पुन्हा गेल्या असतील."

कडा गेल्याच होत्या. आठ दिवसांचं काम दोन दिवसांत वाया गेलं होतं. त्याबद्दल सलोमीला ग्यानबाचा राग आला नाही, स्वतःचा आला. शांतवनसाठी तिने बिचाऱ्या जखमेला उपाशी ठेवलं होतं. जखमेने काय केलं होतं?

"दोन दिस काहून आली न्हाई?" ग्यानबा कुरकुरला.

"जमलं न्हाई."

"पानी दे."

रुक्माबाई चुलीपाशी गेली होती. सलोमीने पेला भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. ग्यानबाने पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग प्याला. अर्धं पाणी वाकड्या बाजूने गळ्यावर ओघळलं. ते पुसताना सलोमीला जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. ठरवून ठेवलेलं ते वाक्य आता कुणाला ऐकवायचं राहिलं नव्हतं. त्यानंतर तिने ते घोळवणं सोडून दिलं. जीभ मात्र तशीच राहिली. ग्यानबाला, सुदामला, ओट्यावरच्या बायांना ती पहिल्यासारखीच बोलत राहिली.

चैत्रात ग्यानबाला दुसरा झटका आला आणि दुपारी, जेवणाच्या वेळेला, तो गेला.

आता घर भरलं. जीपा आल्या, नाक्यावरून हार आले. गोठ्यात कधी न डोकावलेली माणसं अंगणात गर्दी करून ग्यानबा किती मोठा माणूस होता ते एकमेकांना सांगू लागली. सुदामचं रडणं पारापर्यंत ऐकू जात होतं. सलोमी पिशवी घेऊन अंगणाच्या भिंतीशी, बायांच्या मागे उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, जा असंही कुणी म्हटलं नाही.

शेवटच्या आंघोळीसाठी अंगणात पाट मांडला होता. सुदाम आणि त्याच्या तिघा भाऊबंदांनी नाकाला रुमाल बांधले. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हाताऱ्याची पाठ सडलेली आहे. त्यांनी त्याला उचलून पाटावर ठेवला आणि श्वास धरून कुशीवर वळवला.

वास आला नाही. चौघंही वाकले. जिथे ओंजळभर खड्डा होता तिथे नवीन कातडी आली होती, पातळ, गुलाबी, ताणलेली. कंबरेपासून मानेपर्यंत सगळी पाठ स्वच्छ होती.

"आरं," एक भाऊबंद म्हणाला, "हितं तर काईच न्हाई."

एकाने रुमाल सोडला. मग दुसऱ्याने. सुदामने बांधलेलाच ठेवला, पण त्याचा पाण्याचा तांब्या हातात तसाच राहिला. पुढच्या बाया माना उंच करून पाहायला लागल्या. रुक्माबाईने वळून मागे सलोमीकडे पाहिलं.

सलोमी पाठीकडे पाहत होती. माकडहाडाच्या टोकाला, चिंचोक्याएवढी जागा अजून ओली राहिली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीच नसती.

"आठ दिवस," ती पुटपुटली. "अजून आठ दिवस पाहिजे व्हते."

तांब्यातलं पाणी पाठीवरून ओघळलं. मग त्यांनी कोरं धोतर गुंडाळलं. ते कंबरेवरून वर येऊन ती जागा झाकेपर्यंत सलोमी जागची हलली नाही.